पिकअपला भरलेलं हीव

नवी पिकअप दारात आली त्या दिवशी आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते लिंबावरून.

कराडच्या शोरूममधून गाडी घेऊन मी संध्याकाळी आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात पोचलो, तर आई ताट, नारळ आणि दोऱ्यात ओवलेली लिंबू-मिरची घेऊन उभीच होती. नारळ फुटला, ओवाळून झालं. ती लिंबू बांधायला बंपरपाशी वाकणार, तोच माझे वडील आडवे आले.

"ह्या गाडीला लिंबू लागायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "फौजंच्या गाडीला कवा लिंबू बघितलंयस का?"

"म्या फौजंची गाडीच कुठं बघितली?" आई म्हणाली. "तुमी दावली व्हती व्हय कवा?"

यावर आप्पांनी आवाज चढवला. आप्पा लष्करात ड्रायव्हर होते. बर्फात, वाळवंटात, दरडी कोसळणाऱ्या घाटात त्यांनी मोठमोठ्या गाड्या चालवल्या आणि अख्ख्या नोकरीत आपली गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, हे त्यांनी आम्हाला आमच्या लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकवलं आहे. गाडी चालते ती तेल, पाणी आणि शिस्त यांच्यावर. लिंबू सरबताला असतं, असं त्यांचं म्हणणं. आई लिंबू घेऊन मुकाट्यानं आत गेली. आई मुकाट्यानं आत गेली की सावध व्हायला पाहिजे, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. ट्रेमध्ये रोपं वाढवायची आणि शेतकऱ्यांना बांधावर नेऊन द्यायची. अलीकडं वडूजकडच्या भागात पाणी फिरल्यापासून तिकडूनही मागणी येते, आणि दर वेळी भाड्याच्या टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या करून माझं डोकं उठलं होतं. म्हणून पिकअप घेतली. घेतली माझ्यासाठी, पण घरी आली ती आप्पांची होऊन. देवळीशेजारच्या खिळ्यावर त्यांची टोपी असते, तिथंच त्यांनी गाडीची किल्ली अडकवली. मला गाडी लागली तर मी, चाळिशी ओलांडलेला माणूस, "आप्पा, किल्ली घेऊ का?" असं विचारायचो, आणि ते "कुठं? कशाला? कवा येणार?" अशी चौकशी पुरी झाल्यावरच मान हलवायचे.

रोज सकाळी ते गाडीची परेड घेत. तेल बघ, पाणी बघ, टायर अंगठ्यानं दाबून बघ, काचा पूस. फक्त गाडीच्या खालचा भाग तेवढा तपासणीतून सुटायचा, कारण त्यांचा एक गुडघा डॉक्टरांनी बदललेला आणि उकिडवं बसायला सक्त मनाई. खालचा मुलूख आमच्या एका गावरान कोंबडीनं बळकावला होता. खुराड्यात जागा असताना ती बया पिकअपखाली जाऊन अंडं घालायची. आई रोज सकाळी लुगड्याचा काचा मारून गाडीखाली शिरायची आणि अंडं घेऊन बाहेर यायची. ती अंडी ती उबवायला ठेवायची. घरातल्या कुणी मागितलं तरी देत नसे. सत्तरीच्या घरातली बाई सरपटत गाडीखाली जाते हे आम्हाला कुणाला नवल वाटलं नाही, कारण ती याच वयात चिंचेवरही चढते.

पहिले काही आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मग एका बाजारच्या दिवशी आप्पा एकटेच आष्ट्याला पेंड आणायला गेले. फोन घरीच विसरला. बाजारात त्यांना पलटणीतला जुना सोबती भेटला, दोघांनी चहावर चहा पिऊन सगळी सरहद्द पुन्हा एकदा राखली, आणि आप्पा घरी आले तेव्हा दिवे लागून गेले होते. आई दुपारपासून उंबऱ्यात बसली होती. गाडीचा आवाज आल्यावर ती उठली, "आलासा?" एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी रोपं घेऊन वडूजला निघालो आणि गाडीला हीव भरलं.

चाळीसच्या वेगापर्यंत काही नाही. त्यापुढं गेलं की बुडाखालून घुंऽऽ असा आवाज, आणि पन्नासला सगळी गाडी लटालटा कापायला लागायची. समोरच्या कप्प्याचं झाकण आपोआप उघडून कागद माझ्या मांडीवर पडले. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता धूर दिसावा तसं दिसायला लागलं. वडूजला पोचलो तेव्हा निम्म्या ट्रेमधली माती हादऱ्यांनी सुटून रोपांच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. शेतकरी भला माणूस. त्यानं एक रोप उचलून बघितलं आणि म्हणाला, "गाडीतनं आणलीसा का नाचवत आणलीसा?"

मी स्वतःला विचारी माणूस समजतो. शेतकीची पदवी घेतलेली आहे, कारणाशिवाय कार्य होत नाही हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. तेव्हा मी विचार केला. आष्ट्याच्या बाजारापर्यंत गाडी ठणठणीत होती. आष्ट्याला ती आप्पांनी एकट्यानं नेली. त्यानंतर ती हलायला लागली. म्हणजे आप्पांनी तिचं काहीतरी केलं. इतकं स्वच्छ, बिनचूक आणि पूर्णपणे चुकीचं अनुमान मी आयुष्यात दुसरं काढलेलं नाही. पण ते लगेच बोलून दाखवायची माझी छाती नव्हती, म्हणून मी आधी चौकात गेलो.

चौकातल्या कट्ट्यावर गाडी या विषयातले सगळे तज्ज्ञ एकाच वेळी हजर असतात. एकानं चाकांचं बॅलन्सिंग सांगितलं. एकानं डिझेलमध्ये पाणी आहे असं गाडी न बघताच सांगितलं. एकजण म्हणाला, पांढरा रंग तुमच्या राशीला चालत नाही. जुन्या एका ट्रक ड्रायव्हरनं काठीनं मातीत चित्र काढलं. पुढं इंजिन, मागं चाकं, आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत न्यायला मधोमध एक लांब पोलादी पाईप. गाडी पळते तसा तो गरागरा फिरतो. "शोरूमवालं त्येला प्रोपेलर शाफ्ट म्हनत्यात, आपुन जॉइंट म्हनायचं," तो म्हणाला. "त्याच्या फिरण्यात वाईच कमी-जास्त झालं की गाडीला हीव भरतंय." हे पटण्यासारखं होतं. पण पाईप वाकला असेल की त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, गेला असेल, यावरून तिथं दोन तट पडले आणि मी चहाचे पैसे देऊन उठलो. गाडीखाली वाकून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नाही. मी घरी येऊन एकदा बघितलं. खाली चिखल होता, पाईप होते आणि कोंबडी होती. कोंबडीनं माझ्या हातावर चोच मारली, तेव्हा मी तपास थांबवला.

चाकांचं बॅलन्सिंग केलं. काही फरक नाही. मग शोरूमला फोन करून वेळ घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो तर आई म्हणाली, "थांब, अंडं बघते खालचं." ती खाली गेली, बऱ्याच वेळानं अंडं घेऊन आली, पदर नीट खोचला आणि म्हणाली, "जा आता."

कराडला गळ्यात टाय बांधलेल्या सर्व्हिसच्या माणसानं स्वतः गाडी हायवेवर काढली. मी शेजारी बसलो. चाळीस, पन्नास, साठ, ऐंशी. काही नाही. त्यानं पाण्याची बाटली समोर उभी ठेवली, ती झोपेत असल्यासारखी उभीच राहिली. रात्रभर छळलेला दात डॉक्टरच्या खुर्चीत बसल्याबरोबर थांबतो, तशी माझी गत झाली. "हलते हो, खरंच हलते," मी म्हणत होतो, आणि तो आजारी माणसाशी बोलावं तसं "हो सर, असेल सर" म्हणत होता. तरी त्यांनी गाडी वर उचलून तपासली, धुतली, ग्रीस भरलं आणि परत दिली. घरी येईपर्यंत गाडी गुणाची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा रोपं घेऊन निघालो आणि पन्नासला समोरच्या कप्प्यातले कागद पुन्हा माझ्या मांडीवर आले.

आप्पांना मी हे सांगितलं तर ते हसले. "सायब मुआयन्याला, तपासणीला आला की गाडी सरळ वागती," ते म्हणाले. "आमच्याकडं तसंच व्हतं."

दुसऱ्यांदा गेलो. पुन्हा आईचं अंडं, पुन्हा कराड, पुन्हा ऐंशीला बाटली उभी. या वेळी टायवाल्यानं खुर्ची ओढली, मला चहा दिला आणि हळूच विचारलं, "सर, गाडी अजून कोण चालवतं?"

"वडील."

"वय?"

मी सांगितलं. तो थोडा वेळ माझ्याकडं सहानुभूतीनं बघत राहिला. म्हणाला, "बऱ्याचदा मोठ्या माणसांना क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असते. हाफ क्लच. त्यानं पुढचं सगळं झिजतं. मग कधी हलते, कधी नाही. तुम्ही घरी बोलून बघा."

खरं सांगायचं तर हे ऐकून मला बरं वाटलं. माझा तर्क टाय लावलेल्या माणसानं मांडला होता.

मी ते जेवताना सांगितलं, हीच पहिली चूक. आप्पांचा घास हातातच राहिला. "मी? हाफ क्लच?" ते म्हणाले. आवाज चढला नाही, हे वाईट लक्षण होतं. "आरं, एका अंगाला दरी आन् दुसऱ्या अंगाला दरड, तिथं क्लचवर पाय ठिवणारा मागारी येत न्हाई. मी आलोय. बसलोय हितं."

"तसं न्हवं आप्पा, पर वय..."

"तू चालवतोस तवाबी हलती की ती."

"तुमी लावलेली सवय हाय तिला," मी म्हणालो.

गाडीला सवय लागते हे मला पदवीच्या कुठल्याच वर्षाला शिकवलं नव्हतं. बायको माझ्याकडं बघत राहिली. आई चुलीपुढं पाठमोरी होती, ती वळलीच नाही. आप्पा उठले, हात धुतले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. "घे," ते म्हणाले. "आजपासनं ड्रायव्हर तू."

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी सुतासारखी सरळ झाली.

कराड, इस्लामपूर, वडूज, कुठंही न्या. साठ, सत्तर, रिकामी, भरलेली. घुं नाही, की थरथर नाही. मला इतका आनंद झाला की मी तो घरी येऊन सांगितलाही. "बघा," मी म्हणालो, "चालवणारा बदलला, गाडी नीट झाली." आप्पा अंगणात बसले होते. "चांगलं झालं," म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर त्यांनी सकाळची परेड सोडली. तेल कुणी बघेना, काचा कुणी पुसेना. अर्धीच भाकरी खाऊन उठायचे. फौजेच्या गोष्टी बंद झाल्या. कधी थांबतील म्हणून आम्ही ज्यांची वाट बघायचो, त्या थांबल्यावर जेवताना काय बोलावं तेच कुणाला सुचेना. एकदा दुपारी मी नर्सरीच्या हिरव्या जाळीआडून बघितलं, तर ते उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी आरसा आपल्या उंचीला नीट केला, मागं बघितलं, आणि मग पुन्हा माझ्या उंचीला होता तसा करून खाली उतरले. मला फार वाईट वाटलं. पण गाडी नीट चालत होती, आणि नीट चालणाऱ्या गाडीपुढं वाईट वाटण्याचं काही चालत नाही.

आईनं मला गोठ्यात गाठलं. "त्येंची किल्ली त्येंला दे," ती म्हणाली.

"तू सांगतीस? त्या दिवशी उंबऱ्यात कोण बसलं व्हतं दुपारपासनं?"

"मी बसले. काळजी लागती म्हणून माणसाला घरात कोंडून घालायचं व्हय रं? आदी गडी तेवढा ऱ्हायला पायजे, मग काळजी."

मला ते पटलं, पण गाडीचं काय, असं मी विचारलं. ते तुझं तू बघ, असं म्हणून ती धार काढायला बसली.

मग मी रोपांना पाणी देताना शेवाळावर घसरलो आणि माझा उजवा पाय घोट्यात मुरगळला. सुजून दुधीभोपळा झाला. नेमकी दुसऱ्या दिवशी वडूजची रोपं पोचवायची होती. तिकडं सऱ्या सोडून तयार, लावणीच्या बायका सांगून ठेवलेल्या, कॅनॉलच्या पाण्याची पाळी उद्याच. चुकली तर पुढची कधी येईल ते देवाला ठाऊक. रोपं तर ट्रेमधून वर आलेली, ती थांबायला तयार नाहीत. बायको स्कूटरच्या पुढं कधी गेलेली नाही. मी लंगडत आप्पांपुढं गेलो आणि किल्ली धरली.

"हलंल ती," ते म्हणाले.

"हलू द्या," मी म्हणालो.

सकाळी ते दाढी करून, फौजेतली जुनी जर्सी घालून तयार होते. तेल, पाणी, हवा, काचा. इतक्या दिवसांची परेड त्यांनी एका दमात भरून काढली. आई म्हणाली, "थांबा, अंडं बघते." आज तिला फारच वेळ लागला. आप्पा म्हणाले, "कोंबडी आज लईच विचार करून घालाय लागली." मी शेजारी बसलो, आणि आम्ही निघालो.

हायवेला लागलो, पन्नास झाले आणि घुंऽऽ. कप्प्याचं झाकण उघडलं, कागद मांडीवर.

 मी आप्पांच्या पायांकडं बघितलं. त्यांना ते दिसलं. त्यांनी वेग कमी केला आणि कराड मागं पडेपर्यंत ओठ मिटून चाळीसनं गाडी चालवली. पुढं वडूजच्या वाटेला रस्ता मोकळा लागला तेव्हा ते म्हणाले, "आता नीट बघ." गाडी साठवर नेली. सगळी गाडी थडथडायला लागली. त्यांनी ती न्यूट्रलला टाकली आणि क्लचवरचा पाय काढून बाजूला ठेवला. "गेर न्हाई. क्लचवर पाय न्हाई. इंजिनाचा जोर न्हाई, नुस्ती घरंगळतीया. हलतीया का न्हाई?"

हलत होती.

"मग माझ्या पायाचा काय संबंध?"

 गाडी त्यांनी एका कडुलिंबाच्या सावलीला घेतली, मागून रिकामं पोतं काढलं, जमिनीवर अंथरलं, आणि मी "आप्पा, गुडघा, आप्पा, डॉक्टर" असं म्हणत असताना आडवे होऊन इंच इंच सरकत गाडीखाली गेले. बाहेर फक्त बूट राहिले.

मी गाडीला टेकून वाकलो.

"आप्पा, काय हाय?"

"पक्कड दे."

मी दिली.  मग गाडी हलायला लागली, आणि इंजिन तर बंद होतं. वाकून बघितलं तर खाली आप्पा हसत होते. पोट धरून, आवाज न करता. मग ते हसायचे थांबले आणि तसेच पडून राहिले. शेवटी म्हणाले, "मला भाईर वढ."

मी एका पायावर उभा, ते एका गुडघ्याचे. मी ओढलं तर मीच खाली बसलो. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर आला. त्यानं गाडीखालचे बूट बघितले, मला बघितलं.

"कोन हाय खाली?"

"वडील."

"कशाला घातलंसा?"

मी समजावत बसलो नाही. त्यानं काठी बाजूला ठेवली, आप्पांचे दोन्ही पाय धरले आणि खळ्यातलं पोतं ओढावं तसं त्यांना बाहेर काढलं. आप्पांच्या हातात काळ्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, वरून द्राक्षबागेची तार आवळलेली. त्यांनी तार सोडली. आत घोड्याचा नाल निघाला. जुना, जाड, चांगला वजनदार.

"जॉइंटला बांधलावता," आप्पा म्हणाले. "आवळून. पाईप फिरतोय, त्याबरूबर ह्यो फिरतोय. मग हीव भरंल न्हाई तर काय व्हईल?"

"कुणी बांधला?"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की माझी पदवी मलाच लाजली. अंडं. पदर. कराडला जाताना दोन्ही वेळा, "थांब, अंडं बघते."

"ह्यो नाल माझ्या वळखीचा हाय," आप्पा नालावरचा चिखल अंगठ्यानं पुसत म्हणाले. "मी भरती झालो तवा तुझ्या आईनं माझ्या ट्रंकंत तळाला, कागदाच्या खाली घातलावता. मला न सांगता. पयल्याच तपासणीत सायबाच्या हातात आला. ह्ये काय, म्हणाला. तंबूच्या खुट्या ठोकायला हाय साब, म्हणालो. तवापासनं रिटायर हुईस्तवर जाईल तिथं संगं नेला."

"आणि आईला ह्ये ठावं हाय?"

"तिला वाटतंय मला म्हाईत न्हाई."

लिंबाला सरबतात घालणारा हा माणूस सगळी नोकरीभर नाल घेऊन फिरला होता. मी मेंढरांकडं बघत राहिलो. नाल मी कप्प्यात टाकायला हात पुढं केला, तर त्यांनी दिला नाही.

"उद्या सकाळी ती खाली बघणार. न्हाई दिसला तर दिसभर उंबऱ्यात बसंल." त्यांनी नाल पुन्हा चिंधीत गुंडाळला. "मागच्या दोन चाकांच्या मधी आडवं हाऊजिंग हाय, त्ये फिरत न्हाई. आतली दांडी फिरती नुस्ती. तिथं बांधतो. वीतभर मागं बांधला असता तर कुणाला कळलंबी नसतं." मग ते पोत्यावर आडवे झाले आणि धनगराला म्हणाले, "पावनं, जरा आत ढकला."

"आत्ताच काढलं की तुमास्नी," धनगर म्हणाला. पण ढकललं.

दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर आप्पांनी कपडे झटकले आणि मला हुकूम दिला, "घरी सांगायचं, क्रॉसला ग्रीस नव्हतं."

तिथून वडूजपर्यंत ते सत्तरनं गेले. एकाही ट्रेमधली माती हलली नाही. वाटेत त्यांनी मला दरडीची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

संध्याकाळी घरी आल्यावर किल्ली मी माझ्या हातानं त्यांच्या खिळ्याला अडकवली. क्रॉसला ग्रीस नव्हतं, म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, "एवढंच?" आई चुलीत लाकूड सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंड्यासाठी गाडीखाली गेली आणि लगेच बाहेर आली. तडक नर्सरीत माझ्यापुढं उभी राहिली. हातात अंडं.

"त्येंनी बघितला?"

"बघितला."

"काय म्हनले?"

"काही न्हाई."

ती ट्रेच्या कडेवर टेकली. मग तिनं सगळं सांगितलं. आष्ट्याहून त्या दिवशी उशीर झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं जुन्या ट्रंकेतून नाल काढला. तिच्या माहेरी बैलगाडीच्या आसाला, दोन चाकांमधल्या आडव्या दांडीला, नाल बांधायची रीत होती. गाडीचा आस फिरत नसतो, चाकं फिरतात. पिकअपचा मागचा आडवा दांडा चिखलानं बरबटलेला, म्हणून तिनं मधला स्वच्छ, पुढून मागं जाणारा दांडा बघून बांधला. शोरूमवाले खालून पाण्याचा फवारा मारतात, देवाच्या वस्तूला लोकांचे हात लागतात, म्हणून तिकडं जाताना सोडून घ्यायची, गाडी परत आली की बांधायची. आणि आप्पांनी किल्ली टाकली तशी तिनं नाल काढून ठेवला, काल ते निघाले तेव्हा पुन्हा बांधला. त्यानंच गाडी हलत होती, हे तिला माझ्या तोंडून आत्ता कळत होतं.

"थांब," मी म्हणालो. "म्हणजे मी एकटा चालवत होतो, तवा नाल नव्हता?"

"न्हवता."

"का? माझी काळजी न्हाई?"

"तुला काय हुतंय," आई म्हणाली. "तू बैलगाडीगत चालवतोस."

न्याहारीला आम्ही बसलो. आईनं उबवायला राखून ठेवलेली दोन अंडी फोडून पोळी केली होती, कांदा-मिरची घालून, आणि ती अख्खी आप्पांच्या ताटात होती. आप्पांनी तिच्याकडं न बघता खायला सुरुवात केली. निम्मी संपल्यावर म्हणाले, "गाडीला ग्रीस चांगलं लागलंय आता. जाग्यावर लागलंय."

"व्हय," आई म्हणाली, "दिसलं मला." आणि माझ्या पुढ्यात कालची चटणी सरकवली.